खालची ओळ

नवऱ्याची गंधमुक्ती तेराव्याला आटोपली; चौदाव्या दिवशी रंजिताने त्याचं ऑनलाइन अर्जांचं दुकान उघडलं. मोलगीहून आलेल्या मुलीच्या नर्सिंग प्रवेशाचा शेवटचा दिवस होता आणि अर्जाची साईट उघडत नव्हती. दीर भाग्येशने लिनक्समधला, साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा डीएनएस सर्व्हर दोनदा बदलला. “बाकी समदं उघडी ऱ्हायनं, वहिनी.” मग त्याने होस्ट्स फाइल पाहिली. डीएनएस दगा द्यायचं म्हणून नवऱ्याने साईटचा आकड्यांतला पत्ता तिथे हाताने लिहिला होता. साईट नव्या पत्त्यावर गेली, तरी संगणक जुन्याच पत्त्यावर शोधत होता. त्या ओळीच्या वर सूचना होती: ‘रंजिता, मी नसताना खालची ओळ पुसू नको. साईट उघडणार नाही.’ “दादानी लिखेल शे. पुसी टाकू का?” रंजिताला काहीच वाटलं नाही. तिनेच ओळ पुसली. सूचना तशीच ठेवली. साईट उघडली. “नाव सांग, पोरी,” ती म्हणाली.