ब्राउझरमधला जिना

पाय मोडल्यापासून ती घरूनच इमारतींचे नकाशे काढत होती. नकाशांचं जुनं सॉफ्टवेअर होतं ऑफिसातल्या तिच्या कॉम्प्युटरवर; घरून ती त्याच कॉम्प्युटरचा पडदा ब्राउझरमध्ये उघडून तो चालवायची. आज एका शाळेच्या जिन्याचा नकाशा दुपारी चारच्या आत द्यायचा होता, नाहीतर काम दुसऱ्याच्या हातात गेलं असतं.

माउस सोडून तिनं चहाचा कप उचलला, तर पडद्यावरचा बाण आपणहून हलला. त्यानं पायरीची एक रेघ ओढली. ती जिथे ओढणार होती, नेमकी तिथेच. मग पुढची.

ऑफिसात कोणीतरी आपल्या खुर्चीवर बसून चेष्टा करतंय, असं वाटून तिनं ऑफिसच्या शिपाईकाकांना फोन लावला.

"काका, माझ्या टेबलाशी कोण बसलंय, जरा बघता का?"

काकांची पावलं ऐकू आली आणि थांबली.

"काय ताई, म्हाताऱ्याची थट्टा करता? तुम्हीच तर बसलाय, पाठमोऱ्या."

"काका, मी घरी आहे."

काकांनी चाचरत हाक मारली, "ताई?"

पडद्यावरचा बाण थांबला. आणि फोनमधून, जरा लांबून, तिच्याच आवाजात कोणीतरी ओ दिली.