सहावा नमुना

“नान पालथी पडलीय,” होशिम म्हणाला.

नफोसतनं लॅपटॉप स्वतःकडे वळवला. पडद्यावरच्या, त्यांच्या पॉडकास्टच्या नव्या लोगोत निळी केटली होती, दोन प्याले होते, आणि मधली नान खरोखरच पालथी होती. ताश्कंदमध्ये लहान मूलसुद्धा नान अशी पालथी ठेवत नाही.

“चुकलं, होशिम-अका.” तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. हा सहावा नमुना होता.

समोर बसलेल्या मिरवलीनं मान हलवली. “मागच्या गुरुवारी ट्रॉलीबसला टपावर, विजेच्या तारांना टेकणाऱ्या दोन दांड्यांऐवजी एकच दांडा काढलास. त्याच्याआधी काठोकाठ भरलेला प्याला. अगं, भरला प्याला पुढे करणं म्हणजे पाहुण्याला ‘उठा आता’ म्हणणं! कार्यक्रमाचं नाव ‘अर्धा प्याला’, आणि तू ऐकणाऱ्यांना दारातूनच घालवतेस? तू इथलीच ना पोरी?”

“इथलीच, अका.” दोघांनाही ती अका, म्हणजे दादा, म्हणायची.

होशिम भूगोलाचा निवृत्त मास्तर. मिरवलीनं एकतीस वर्षं ट्रॉलीबस चालवलेली. चौदा वर्षांपूर्वी दोघांनी जुन्या मोहल्ल्यांच्या गप्पा एका मोबाईलवर रेकॉर्ड केल्या आणि तो पॉडकास्ट बघता बघता सातशेव्या भागाला येऊन टेकला. मात्र दोन वर्षांपूर्वी होशिमची जीभ घसरली. सोळा नंबरची ट्रॉलीबस बाजारापाशी डावीकडे वळायची, असं मिरवली सांगत होता. होशिम म्हणाला, छे, उजवीकडे, नकाशात बघ. ज्यानं ती गाडी चालवली त्यालाच रस्ता शिकवायला निघाला. मिरवली बोलता बोलता उठला आणि निघून गेला.

तेव्हापासून दोघे आपापल्या घरी बोलून रेकॉर्ड करत होते आणि पॉडकास्टचं तांत्रिक काम बघणारी नफोसत दोन्ही आवाज एकत्र जोडत होती. ऐकणाऱ्यांना वाटायचं, म्हातारे अजून एकाच बाकावर बसतात. जुन्या लोगोतही ते तसेच होते, खांद्याला खांदा लावून. “ते चित्र आता खोटं आहे, बदला,” असा निरोप मिरवलीनंच पाठवला होता. नफोसतनं अट घातली, की नमुने दोघांनी समोरासमोर बसून बघायचे. निरोप पोचवत बसायला तिला वेळ नव्हता.

म्हणून दर गुरुवारी सकाळी कालव्याकाठचा हा चायखाना. काय बोलायचं नाही, ते होशिम बुधवारपासूनच घोकत बसायचा. मिरवली एकदा उठून गेला, त्यात दोन वर्षं गेली. पुन्हा उठला, तर वाट बघायला तेवढी वर्षं दोघांकडेही उरली नव्हती.

होशिमनं तिथल्या रीतीप्रमाणे चहा तीनदा प्याल्यात ओतून परत केटलीत घातला, मग अर्धा प्याला भरून मिरवलीपुढे सरकवला. मिरवलीनं आल्या आल्या कोट खुंटीला लावला होता आणि बूट काढून ऐसपैस मांडी घातली होती.

“मास्तरांना विचार,” तो नफोसतला म्हणाला, “हा चहा आहे की आंघोळीचं पाणी?”

“ड्रायव्हरसाहेबांना सांग, उशिरा येणाऱ्याला असाच मिळतो.”

“उशीर मला नाही, बसला झाला. आजकालच्या पोरांना धड वळण घेता येत नाही.”

होशिमचा हात केटलीवरच थांबला. नफोसतनं मान खाली घातली.

“डावीकडेच वळायची ती,” मिरवली म्हणाला. या वेळी तो नफोसतकडे बघत नव्हता.

होशिमनं केटली खाली ठेवली. “गाडी तू चालवायचास. तू म्हणतोस तर डावीकडे.”

“आणि तुझा नकाशा?”

“नकाशा काढणाऱ्याला त्या दिवशी डुलकी लागली असेल.”

मिरवली हसला नाही, पण त्यानं रिकामा प्याला पुढे केला. होशिमनं तो पुन्हा अर्धाच भरला.

“नान मी आत्ताच सुलटी करते,” नफोसत म्हणाली. “दोन मिनिटांचं काम आहे. तुम्ही दोघं हो म्हणा आणि मला मोकळं करा.”

“नको!” दोघे एकदमच ओरडले.

“घाईचं काम लगेच दिसून येतं,” होशिम म्हणाला.

“मास्तर बरोबर बोलतोय. सावकाश कर. पुढच्या गुरुवारी बघू.”

दोन वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. नफोसतनं आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. तोंडाशी आलेलं काहीतरी तिनं गिळलं आणि लॅपटॉप मिटला. “मी खरंच दमलेय, अका,” एवढंच म्हणून ती निघाली. पुलावासाठीसुद्धा थांबली नाही.

म्हातारे थांबले. पुलाव झाला, खरबूज झालं. मिरवलीचे गुडघे झाले, होशिमच्या सुनेचं खारट सूप झालं. उन्हं कलली तसा मिरवलीनं कोट घातला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, “गुरुवारी मग.” तो बसमध्ये चढला. खिडकीतली त्याची टोपी दिसेनाशी होईपर्यंत होशिम रस्त्यावर उभा राहिला.

मग पुलाच्या कठड्याला टेकून त्यानं नफोसतला फोन लावला.

“पालथी नान झकास जमली, पोरी. त्याला काही म्हणता काही कळलं नाही. तुझे हाल होतात, मला दिसतंय. पण लोगो झाला की हा माणूस परत भेटायचा नाही, आणि गप्पा मारायला मला दुसरं आहे कोण? आता पुढच्या खेपेला केटलीचं झाकणच गाळून टाक.”

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

“झाकण त्याच्या पुढच्या गुरुवारी घेऊ, अका,” नफोसत म्हणाली. “येत्या गुरुवारची चूक मिरवली-अकांनी आत्ताच बसमधून फोन करून सांगितलीय.”