शनिवारचा हार

वत्सलाबाई सुईदोरा घेऊन परसात आल्या आणि थबकल्याच. त्यांनी हौसेने लावलेली रुई अळ्यांनी पार बोडकी केली होती. नवऱ्याचं अर्धं अंग लुळं पडल्यापासून मारुतीचा शनिवारचा हार त्यांनी कधी चुकवला नव्हता. आज ओवायला धड एक पान उरलं नव्हतं.

“झाला का हार?” पडवीतल्या खाटेवरून नवऱ्याने विचारलं.

“कसला हार? अळ्यांनी सगळी पानं फस्त केली. जाते आता माळावर, कुठे रुई मिळते का बघते.”

“पोट भरलं का त्यांचं?”

“मेल्या नुसत्या फुगल्यात!”

“मग पोचलं मारुतीला. तू बस जरा.”

वत्सलाबाई खाटेला टेकल्या. बसल्या जागी त्यांचा डोळा लागला, तेव्हा नवऱ्याने आपल्या चालत्या हाताने त्यांच्या बोटांतली सुई हळूच काढून घेतली.