खडूचे पाय

समुद्रापारचा गुलाम विकायला काढला की रोमच्या बाजारात त्याचे पाय खडूने माखतात आणि गिऱ्हाइकं त्याचे दात बघतात. नव्याने आणलेल्या बिथसचे पाय मी धुण्याआधीच, एक पेला फुटला म्हणून, आमच्या धन्यांनी त्याला चाबकाने मारून टाकलं.

दुसऱ्या सकाळी अंगणात पांढरी पावलं होती. मी पुसली. तिसऱ्या सकाळी ती जिन्यावर होती.

“हात मोडलेत का गं तुझे? नीट पूस,” धनी खेकसले.

आज पावलं त्यांच्या पलंगापाशी संपली होती. पाय धुवायला मी पाणी नेलं. धन्यांनी पांघरुणातून पाय काढले. घोट्यापर्यंत पांढरेफटक.

“घास.”

“निघत नाही, धनी.”

तेवढ्यात माझ्या पाठीमागे, बंद खोलीत, कुणीतरी म्हणालं, “दात बघू.”

धन्यांनी मुकाट्याने आ वासला.