बदली खेळाडू

मृदुला आठ महिन्यांनी धाकट्या भावाकडे गेली, ती भांडायच्या तयारीनेच. आईच्या शेवटच्या आजारपणात अविनाश एकदाही फिरकला नव्हता. आई गेली त्या दिवशी तिने त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि दोघं रोज मोबाइलवर मोत्यांचा जो खेळ खेळायची, तोही काढून टाकला.

अविनाशने हसतच दार उघडलं. "ये ताई! सकाळी खेळताना बोलली नाहीस, येणार म्हणून."

"मी कशाला खेळू तुझ्याशी?"

त्याने मोबाइल पुढे केला. तिच्या नावाने कुणीतरी रोज खेळत होतं, तिच्यासारखंच त्याला 'गाढवा' म्हणत होतं. दिवाळीत अविनाशने भलीमोठी माफी लिहिली होती. खाली उत्तर होतं, 'जाऊ दे रे, झालं गेलं.'

मृदुलाने तिथूनच कंपनीला फोन लावला.

"एक खेळाडू गेला की त्याचे सोबतीही जातात, मॅडम," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "म्हणून आम्ही त्याच्या जागी संगणकाचा बदली खेळाडू देतो. हल्ली सगळ्याच कंपन्या देतात. तुमच्याच जुन्या गप्पांवरून तो बोलायला शिकलाय."

"आत्ताच्या आत्ता बंद करा!"

"ते आता तुमच्या भावाच्या हातात आहे."

मृदुलाने फोन ठेवला. "बंद कर ते. माफी मागायची तर माझ्याकडे माग."

अविनाशने मोबाइल छातीशी धरला. "तू करशील माफ?"

"नाही."

"मग तिलाच राहू दे," तो म्हणाला, आणि तिच्या देखतच त्याने पुढचा डाव सुरू केला.