कुंपणाला लावलेली गाडी

दर शनिवारसारखी मॉरीनने गाडी ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या मैदानाच्या कुंपणाला लावली आणि शेजारी बसलेल्या, पन्नाशीला टेकलेल्या लेकाचा क्लबचा मफलर नीट गुंडाळला.

“आई, कोचने बोलावलं का मला?”

“बोलावतील रे. आधी संत्र्याच्या फोडी संपव.”

ग्लेन आयुष्यात एकच सामना खेळला होता. पहिल्याच किकला गोल झाला, गावच्या रीतीप्रमाणे कुंपणालगतच्या साऱ्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, आणि पुढचाच चेंडू उडी मारून हातांनी झेलताना कुणाचा तरी गुडघा त्याच्या डोक्यात बसला. तेव्हापासून त्याच्याजवळ उरले ते फक्त हॉर्न.

बराच वेळ ते वाजेनात, तसा तो कावराबावरा होऊन दाराशी झटापट करू लागला. मॉरीनने तळहात हॉर्नवर दाबून धरला.

ग्लेन शांत झाला. “गोल कोणी मारला गं?”

“तूच मारलास, राजा.”

“मग बाकीचे का नाही वाजवत?”

“मेले झोपलेत सगळे,” ती म्हणाली.

खेळायला गावात पोरंच उरली नाहीत म्हणून क्लब उन्हाळ्यातच बंद पडला होता. गुडघाभर गवतात गोलचे खांब तेवढे उभे होते, आणि कुंपणाला तिची एकटीची गाडी.