म्हातारीचा आकडा

"बाई, आता शेवटचं सांगतो. झेड लावा, सही करा, ट्रक सोडा."

चाचणी विभागातल्या बाईंचं डोकं सकाळपासून या एका झेडनं उठलं होतं. समोर हृदयाच्या इंजेक्शनच्या सहा बाटल्या होत्या. हव्या होत्या दहा मिलिलिटरच्या, सरासरी निघाली होती त्याहून केसभर जास्त. पण सहा बाटल्यांवरून नव्वद हजार बाटल्यांची हमी द्यायची तर सरासरीत थोडी घट धरावी लागते, आणि ती झेडच्या सूत्रानं धरायची की टीच्या, यावरच घोडं अडलं होतं. झेडनं धरली की माल दहाच्या वर राहत होता. टीनं धरली की खाली घसरत होता. म्हणजे सगळा माल अडकणार. आणि नाही अडकवला तर कमी भरलेली एखादी बाटली नेमकी कुणाच्या वाट्याला जाईल, ते कोण सांगणार?

"सहाच बाटल्या आहेत, साहेब. त्यात हे मशीन भरताना किती कमीजास्त करतं, ते ठाऊक नाही. अशा वेळी टीच."

"मला एकच टी कळतो, तो कँटीनमध्ये मिळतो," म्हणत व्यवस्थापक स्वतःच हसले. "आणि ठाऊक कसं नाही? प्रमाण विचलन, पाच शतांश. अठरा वर्षं तुम्हीच लिहिताय!"

"ते म्हातारीचं."

म्हातारी म्हणजे बाटल्या भरणारं जुनं मशीन. तिचा हात कधी हलला नाही. गेल्या महिन्यात तिला भंगारात काढलं. काचेपलीकडे तिच्या जागी नवं मशीन थडथडत होतं आणि बाईंना त्याचा आवाजही सोसवत नव्हता.

"औषध तेच, बाटली तीच. अठरा वर्षं माहीत असलेला आकडा महिन्याभरात अज्ञात कसा होतो, तेवढं मला समजवा!"

बाईंनी कागद पुढे ओढला. 'विचलन' या शब्दापुढे दोन चौकोन होते, माहीत आणि अज्ञात. त्यांनी 'अज्ञात'वर इतक्या जोरात खूण केली की कागद फाटला.

"आमच्या ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, साहेब," त्या म्हणाल्या. "त्यांचं बीपी मला अजून तोंडपाठ आहे. एकशेतीस-ऐंशी. ते आता कुणाच्या कागदावर लिहू?"